खडकवासल्याचे पाणी : एका जलाशयावरील तीन हक्क

मुठा नदीवरील खडकवासला धरणाचा इतिहास सामान्यतः दोन प्रसंगांतून सांगितला जातो : एकोणिसाव्या शतकातील त्याची उभारणी आणि १२ जुलै १९६१ रोजी झालेला त्याचा भंग. परंतु या दोन्ही प्रसंगांना जोडणारा प्रश्न अधिक मूलभूत आहे. साठविलेल्या पाण्यावर प्रथम हक्क कोणाचा?

पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नळाने पुण्यातील हौदांत येत असे. ती योजना शहरापुरतीच होती. १८६९ मध्ये फाइफ या लष्करी अभियंत्याच्या योजनेनुसार सुरू झालेल्या खडकवासला धरणाचे हेतू मात्र आरंभापासूनच दोन होते : पुण्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण प्रदेशास कालव्याचे पाणी देणे आणि शहर व लष्करी छावणी यांची तहान भागविणे. या दोन मागण्यांचे स्वरूप भिन्न होते. पाऊस समाधानकारक झाला की ज्वारी-बाजरी पिकविणारा शेतकरी पाणीपट्टी भरून कालव्याचे पाणी घेण्यास उत्सुक नसे. दुष्काळात मात्र मागणी एकदम वाढे. बारमाही पाणी घेणारे पीक म्हणजे ऊस. उलटपक्षी शहराची मागणी अखंड होती व वाढतच होती. या सातत्यानेच शहराचा हक्क बळकट केला. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्या यांनी येथे स्वयंचलित दरवाजे बसविले. त्यामुळे धरणाची उंची न वाढविता अधिक पाणी साठविता येऊ लागले; तथापि वाटणीचा प्रश्न त्याने सुटला नाही.

१९६१ मध्ये आंबी नदीवरील पानशेतचे अपूर्ण मातीचे धरण फुटले व त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले. पुणे एकाच दिवशी पुरात बुडाले आणि पिण्याच्या पाण्यासही मुकले. पुढे पानशेत पुन्हा बांधण्यात आले. वरसगाव व टेमघर यांची भर पडली. आज या चार धरणांची उपयुक्त साठवण सुमारे २९.१५ अब्ज घनफूट असून तीत खडकवासल्याचा वाटा केवळ १.९७ अब्ज घनफूट आहे. म्हणजे मूळचे साठवणधरण आता मुख्यतः वरून आलेल्या पाण्याच्या वाटपाचे ठिकाण झाले आहे.

तिसरा हक्क मूळ योजनेत नव्हता. जलाशयाच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे; सुटीच्या दिवशी पुणेकरांची गर्दीही तेथेच लोटते. विहारास भरलेला, स्वच्छ जलाशय हवा. सिंचनास तो उन्हाळ्यात रिता करावा लागतो. पूरनियंत्रणास पावसाळ्यात मोकळी जागा लागते. एकाच पाण्याकडून या अपेक्षा एकाच वेळी पुऱ्या होणे शक्य नाही.

पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम देणारे धोरण आज निर्विवाद आहे. परंतु अग्रक्रम केवळ क्रम ठरवितो, मर्यादा ठरवीत नाही. शहराचा वापर वाढला की दौंड-इंदापूरकडील आवर्तन आखडते. त्याची भरपाई म्हणून मुंढव्याहून शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी जुन्या मुठा उजव्या कालव्यात सोडले जाते. ज्या कालव्याने धरणाचे ताजे पाणी शेतास न्यावयाचे, तोच आता शहराने वापरलेले पाणी नेतो. दीडशे वर्षांत हक्कांचा क्रम कसा पालटला, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.