पत्र, फोन आणि पडदा : दुरून मिळणाऱ्या मनाच्या उपचारांची गोष्ट



कोजागिरीच्या रात्री दूध आटत असताना एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारले, "अहो, बाळंतपणापासून सून गप्प गप्प असते. डॉक्टरांनी कौन्सेलरकडे जायला सांगितले, तर ही म्हणते कॉम्प्युटरवरच बोलेन. समोर माणूस नाही, हातात गोळी नाही. असे कधी कोणी बरे होते का?" (घर ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी "बघू या" म्हणून वेळ मारून नेली. खरे तर उत्तर मला स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होते, पण चारचौघांत सांगायचा धीर झाला नाही. म्हणून हा लेख.

काकूंना हा प्रकार अगदी नवा वाटला, पण दुरून उपचार करण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०९ साली व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनी घोड्यांची भीती बसलेल्या पाच वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मुलाचे वडील त्याच्या बोलण्याची टिपणे फ्रॉइडना कळवत आणि फ्रॉइड मार्गदर्शन करत. त्या उपचारात मुलगा त्यांना प्रत्यक्ष भेटला तो एकदाच!

पत्रानंतर आला फोन. इंग्लंडमधील लिंकन गावी १९३५ साली चॅड व्हारा या तरुण पाद्र्याला चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी करावा लागला. पाळी सुरू झाली तेव्हा आपल्याला वाईट रोग झाला असे समजून तिने जीव दिला होता. विचारायला कोणी नव्हते, एवढेच कारण. ही गोष्ट व्हारांच्या मनातून गेली नाही. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या आपल्या चर्चमध्ये त्यांनी जीव नकोशा झालेल्यांसाठी एक फोन सुरू केला. तीच पुढे 'समॅरिटन्स' संस्था झाली. थोड्याच दिवसांत त्यांना दिसले, की भेटीसाठी थांबलेल्या लोकांना चहा देणारे आणि त्यांच्याशी बोलत बसणारे स्वयंसेवकच पुष्कळांचे ओझे हलके करत आहेत. १९५४ पासून ऐकण्याचे काम त्यांनी या स्वयंसेवकांवरच सोपवले.

इकडे अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे डॉ. सेसिल विटसन यांनी १९५९ साली दोन्ही बाजूंनी दिसेल व ऐकू येईल अशा टेलिव्हिजनवर गट-उपचार करून पाहिले. १९६४ मध्ये तिथून ११२ मैलांवरचे नॉरफोकचे मनोरुग्णालय अशाच यंत्रणेने जोडले गेले. म्हणजे पडद्यावरचा डॉक्टरसुद्धा आपल्यापैकी बहुतेकांच्या आधी या देशात आला आहे.

पण नुसते ऐकून घेणे वेगळे आणि मनाला सावरण्याची रीत शिकवणे वेगळे. ही दुसरी वाट दाखवणाऱ्यांत न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस आघाडीवर होते. मुलींशी बोलायला घाबरणाऱ्या एलिसनी एकोणिसाव्या वर्षी स्वतःला शिक्षा म्हणा, औषध म्हणा, ठरवून दिले : ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली कोणीही दिसली की शेजारी बसून बोलायचेच. महिन्याभरात ते शंभर जणींशी बोलले. लग्न काही जमले नाही, पण भीती गेली.

१९५५ च्या सुमारास त्यांनी आपली पद्धत मांडली. तिचे सूत्र अ-ब-क इतके सोपे आहे. 'अ' म्हणजे घडलेली घटना, 'ब' म्हणजे तिच्याबद्दल आपण स्वतःशी बोलतो ते वाक्य आणि 'क' म्हणजे होणारा त्रास. आपण 'क'चे खापर 'अ'वर फोडतो, पण मधला 'ब' बदलता येतो. फिलाडेल्फियाचे डॉ. एरन बेक (१९२१-२०२१) यांनीही १९६० च्या दशकात याच्याशी मिळतीजुळती पद्धत उभी केली. दोन्हींत वही असते, गृहपाठ असतो, सराव असतो. उपचार करणारा इथे शिक्षकासारखा असतो, म्हणूनच ही विद्या दुरूनही शिकता येते.

याचा पुरावा आपल्याच घरचा आहे. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून या शास्त्राचा अभ्यास केला आणि 'विवेकनिष्ठ' या समर्पक शब्दानिशी ते मराठीत आणले. ठाण्यात १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी हा विचार व्याख्यानांतून, पुस्तकांतून घरोघरी नेला. डॉ. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरीही आहे. न्यूयॉर्कची विद्या टपालाने मुंबईला गेली. आपण तर तिच्या उंबरठ्यावर राहतो.

कॉम्प्युटरचा प्रवेशही जुनाच आहे. कॉर्नेल विद्यापीठात १९८६ साली 'अंकल एझ्रा' या नावाने विद्यार्थ्यांच्या निनावी प्रश्नांना कॉम्प्युटरवर उत्तरे मिळू लागली. २००६ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत कॉम्प्युटरवरील धड्यांना मान्यता मिळाली. आणि २०२० च्या कोविडने दवाखान्यांची दारे बंद केली तेव्हा सगळेच पडद्यापुढे आले. सौम्य ते मध्यम चिंता व नैराश्यात, मार्गदर्शक सोबत असेल तर, या पद्धतीचा गुण समोरासमोरच्या उपचाराच्या जवळपास येतो असे अभ्यासांत दिसले आहे.

आता माझे. नोकरी गेली तेव्हा पहाटे तीनला जाग यायची आणि दिवसा मुलांवर आवाज चढायचा. मी दहा आठवडे पडद्यावरून एका बाईंशी बोललो. 'अ' : नोकरी गेली. 'ब' : "नाक कापले गेले, आता गावी कोणत्या तोंडाने जाऊ?" 'लोक काय म्हणतील' हे इंग्रजीत समजावताना माझी तारांबळ उडाली. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्या लोकांची नावे लिहा." मी लिहायला बसलो, तर चारच नावे निघाली. त्यांतल्या दोघांचीही नोकरी कधीतरी गेलेली होती. शिवाय काळजीसाठी संध्याकाळची ठरावीक पंधरा मिनिटे, झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून बसणे, असे साधे गृहपाठ. नोकरी मिळायला आणखी पाच महिने लागले, पण झोप त्याआधीच परत आली.

काही गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवाव्यात. उपचार करणाऱ्याकडे साधारणपणे आपण राहतो त्या राज्याचा परवाना लागतो, तो आधी विचारावा. जीव द्यावासा वाटणे, भास होणे, बाळाला इजा करण्याचे विचार येणे, घरात मारहाण असणे, अशा वेळी कॉम्प्युटरवर थांबू नये, ताबडतोब डॉक्टर किंवा इस्पितळ गाठावे. या देशात जुलै २०२२ पासून ९८८ या क्रमांकावर अहोरात्र मदत मिळते. भारतातल्या आईवडिलांसाठी तिथे ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' आहे, क्रमांक १४४१६, आणि तिथे मराठीत बोलता येते.

तर काकू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर : हो, बरे होतात. मी झालो. सुनेला आठवड्यातून एक तास, एक खोली आणि बंद दार द्या. तेवढा वेळ बाळाला तुम्ही घ्या, आणि ती बाहेर आली की "काय बोललीस?" असे विचारू नका. चहा तेवढा टाका.

चूकभूल द्यावी घ्यावी.