साखऱ्यातला ऱ

दिवाळीला घरी गेलो की माझी दोन कामं ठरलेली असतात. एक म्हणजे टाकीवर चढून इंटरनेटचा डबा सरळ करणं, आणि दुसरं, अण्णांच्या लॅपटॉपला काय झालंय ते बघणं. घर म्हणजे साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. (पुण्यात हिंगोली म्हटलं की लोक 'नांदेडच्या पुढं का?' असं विचारतात. नाही हो, नांदेडला न जाताही पोचता येतं.)

२०२५ च्या दिवाळीत लॅपटॉपला खरं तर काहीच झालं नव्हतं. झालं होतं ते बाहेर. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपला, आणि अण्णांचं हे अकरा वर्षांचं यंत्र विंडोज ११ ला चालत नाही. मशीन धडधाकट, पण कंपनीच्या लेखी निवृत्त. मी म्हटलं, हीच संधी! पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट नेलंच होतं. फराळाच्या आधी बसवायला घेतलं आणि चिवडा संपायच्या आत बसलंसुद्धा. वायफाय आपोआप, प्रिंटर आपोआप. अण्णा खूश. "हे तर लई लवकर चालू होतंय की."

मग त्यांनी त्यांचा जुना पेन ड्राइव्ह लावला.

अण्णा गावातले अर्ज लिहिणारे. तरुणपणी हिंगोलीत मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले होते, त्यामुळे वारसनोंद असो, विहिरीचं अनुदान असो की पीकविम्याची तक्रार असो, माणूस आमच्या ओट्यावर येतो. २००६ पासूनचे सगळे अर्ज त्या पेन ड्राइव्हवर आहेत. शेजारच्या काकांना त्यांच्या २००९ च्या वारसनोंदीच्या अर्जाची प्रत हवी होती. अण्णांनी फाइल उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. ई, जे, के, मग कॅपिटल बी, मग एच. शब्द नाही, अर्थ नाही.

"माही मराठी कुठं गेली रे?"

खरं सांगायचं तर अण्णांची मराठी त्या फाइलमध्ये कधी नव्हतीच. ती होती कृतिदेव या फॉन्टमध्ये. कृतिदेव, शिवाजी आणि त्यांच्यासारखे ढीगभर फॉन्ट एक साधी युक्ती करायचे. इंग्रजी 'ई'च्या जागी 'म'चं चित्र, 'जे'च्या जागी 'र'चं, 'के'च्या जागी काना, 'बी'च्या जागी 'ठ', 'एच'च्या जागी दुसरी वेलांटी. म्हणजे तुम्ही 'मराठी' टाइप केलंत तरी कॉम्प्युटरच्या मते तुम्ही 'ई जे के बी एच' लिहिलंत. फॉन्ट आहे तोवर सोंग टिकतं. फॉन्ट गेला की मुखवटा उतरतो.

आता ही वेळ आपल्यावर का आली, याला जरा इतिहास आहे. म्हणजे बघा, १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरला जिस्ट नावाचं काम सुरू झालं आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिकडे आलं. कॉम्प्युटरच्या पोटात एक वेगळं कार्ड खोचायचं, मग पडद्यावर देवनागरी दिसायची! १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. म्हणजे अण्णांनी पहिला अर्ज टाइप करायच्या पंधरा वर्षं आधी प्रश्न कागदावर सुटलेला होता. पण कागदावर सुटणं आणि गावातल्या कॉम्प्युटर सेंटरात सुटणं यात अंतर असतं. विंडोज एक्सपीला युनिकोड देवनागरी यायची, नाही असं नाही. पण कंट्रोल पॅनेलमध्ये आत आत जाऊन एका चौकोनात टिक करायची आणि मग मूळ सीडी घालायची. मूळ सीडी! आमच्याकडच्या सेंटरवाल्याने ती कधी पाहिली असेल असं मला वाटत नाही. कृतिदेव मात्र एका फ्लॉपीवर मावायचा. सोपं ते जिंकलं.

लिनक्सकडे तेव्हा काय चाललं होतं? १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने कर्नल दिलं, पण ते होतं प्रोग्रामर लोकांचं खेळणं. सामान्य माणसाचा विचार पहिल्यांदा गाजावाजा करून मांडला तो जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माथियास एट्रिश नावाच्या विद्यार्थ्याने. १४ ऑक्टोबर १९९६ ला त्याने केडीईची घोषणा केली, आणि त्यात स्पष्ट म्हटलं की हे सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटरसाठी नाही, शेवटी जो वापरणार आहे त्याच्यासाठी आहे. (तारखेची गंमत बघा. विंडोज १० चा दिवा विझला तोही १४ ऑक्टोबरच.) पुढच्या वर्षी मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं. २००४ मध्ये उबुंटू आलं, 'माणसांसाठी लिनक्स' असं म्हणत, आणि २००५ ते २०११ या काळात मागेल त्याला घरपोच फुकट सीडी पाठवत राहिलं. आमच्या कॉलेजच्या लॅबच्या कपाटात त्यातल्या दोन सीडी पाकिटासकट पडून होत्या. एकीचा कोस्टर झाला होता.

पण या सगळ्यांच्या डोक्यातला 'सामान्य माणूस' इंग्रजी, निदान रोमन लिपी वाचणारा होता. देवनागरी नुसती अक्षरं एकापुढे एक ठेवून होत नाही. 'कि' लिहिताना वेलांटी साठवायची 'क'च्या नंतर आणि दाखवायची आधी. रफार साठवायचा आधी आणि दाखवायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. हे करणारं इंजिन लागतं. ग्नोमच्या जगात त्याचं नाव पँगो: ग्रीक 'पॅन' म्हणजे सगळं आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा. मार्च २००२ मध्ये जीटीके २.० आलं तेव्हा पँगो त्याच्या पोटात होतं, आणि त्या दिवसापासून त्यावर लिहिलेला कुठलाही प्रोग्राम निदान तत्त्वतः मराठी दाखवू शकत होता. माझ्या मते लिनक्स सामान्य माणसासाठी सोपं होण्यातली ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी गाजलेली घटना आहे. रंगीत आयकॉन सगळ्यांना दिसतात, पँगो कुणाला दिसत नाही.

इकडे मुंबईत प्रकाश अडवाणी आणि वेंकटेश हरिहरन यांनी इंडलिनक्स सुरू केलं होतं, भारतीय भाषांत लिनक्सचा डेस्कटॉप आणायचा म्हणून. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले (लोहित म्हणजे लाल, नावात विनोद आहे). ते मुळात बनवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपीवाल्यांनीच! नंतर त्यात मराठीचा वेगळा फॉन्टही आला, कारण आपला 'ल' आणि 'श' हिंदीसारखा नसतो. पुढे २००७ मध्ये सी-डॅकने डेबियनवर बेतलेलं बॉस लिनक्स आणलं.

मग शब्दांची भांडणं. फाइल म्हणजे फाइल, धारिका की संचिका? पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द? रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांच्या पुढाकाराने २००८ मध्ये फ्युएल नावाचा उपक्रम सुरू झाला. मेनूत सारखे लागणारे शब्द एकत्र बसून एकदाचे ठरवायचे, म्हणजे एका खिडकीत 'जतन करा' आणि दुसरीत 'साठवा' असा घोळ होत नाही. स्तुत्य काम. तरीही मी अण्णांना सगळे मेनू मराठीत करून दिले, तेव्हा दहा मिनिटांत ते म्हणाले, "ते इंग्रजीच कर बाबा, मला फाइल आन् एडिट कुठं असतंय ते पाठ हाय." त्यांना मेनू मराठी नको होते. त्यांना मजकूर मराठी हवा होता. भाषांतर करणाऱ्यांच्या आणि वापरणाऱ्यांच्या मधली ही फट मला तरी कुठल्या बग रिपोर्टात दिसलेली नाही.

याच्या नेमकं उलट उदाहरण म्हणजे खैरात धनगरवाडा, रायगड जिल्ह्यातली कर्जतकडची वस्ती. २००७ मध्ये 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' म्हणून गाजलेल्या ओएलपीसीचा भारतातला पहिला प्रयोग इथल्या एकशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत झाला. त्याआधी २००६ मध्ये केंद्र सरकारने या योजनेला नकार दिलेला होता. वीसएक मुलं, प्रत्येकाला एक हिरवं-पांढरं यंत्र. त्यात होतं फेडोरा लिनक्स आणि त्यावर शुगर. शुगरमध्ये डेस्कटॉप नाही, फोल्डर नाही. मध्यभागी एक माणूस, भोवती त्याची कामं, आणि केलेलं सगळं रोजनिशीत आपोआप साठतं. 'सेव्ह' करायचं लक्षातच ठेवावं लागत नाही. मी त्या वर्षी साखऱ्याच्या शाळेत चौथीत होतो, म्हणजे त्यांच्याच वयाचा. आमच्या शाळेतही कॉम्प्युटर होता. प्लास्टिकच्या आवरणाखाली. त्याला हात लावायची परवानगी पंधरा ऑगस्टला पाहुणे आले की मिळायची, तीही पुसायला :)

नशिबाने केरळ वेगळं वागलं. तिथे मुक्त मल्याळम संगणनाची चळवळ उभी राहिली आणि सरकारने २००५ नंतर शाळांमधला कॉम्प्युटर विषय लिनक्सवर नेला. आपल्याकडे त्याच सुमारास गावोगाव एमएस-सीआयटी पोचलं. त्याने लाखो लोकांची कॉम्प्युटरची भीती घालवली हे खरं आहे, माझ्या ताईचीही घालवली, पण कॉम्प्युटर म्हणजे विंडोज हे समीकरणही त्यानेच पक्कं केलं. असो.

परत ओट्यावर येऊ. टायपिंगचा प्रश्न सुटण्यासारखा होता. अण्णांची बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर तयार झालेली, त्यांना फोनेटिक सांगणं म्हणजे उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्या हाताने जेव म्हणण्यासारखं. लिनक्समध्ये एम१७एन नावाच्या गाठोड्यात रेमिंग्टन मिळतो, पण तो शोधायला टर्मिनल उघडावं लागलं. काळी खिडकी बघून शेजारचे काका हळूच म्हणाले, "बिघडलं का?"

राहिले जुने अर्ज. कृतिदेवचं युनिकोड करणारे प्रोग्राम आहेत, पण बहुतेक हिंदीसाठी लिहिलेले. पहिला अर्ज रूपांतरित केला. मराठी दिसली! अण्णांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीत थांबले. "साखर्या? हे कोन्तं गाव?"

साखरा हे नाव हिंदीवाल्याच्या हातून सुखरूप जातं. पण 'साखऱ्यात', 'साखऱ्याचा' म्हटलं की त्यात तो आडवा ऱ येतो, पापणीच्या केसासारखा. हिंदीत तो नाही. आपल्याकडे त्याच्यावाचून दर्या आणि दऱ्या, आचार्य मंडळी आणि लग्नातले आचारी यांत फरक उरत नाही. युनिकोडने त्याची सोय केलेली आहे, 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त लावायचा. पण २००० च्या दशकात अनेक जण दुसऱ्या मार्गाने लिहायचे: साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारा जोडक. दिसायला दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. त्यामुळे जुन्या मजकुरात 'शेतकऱ्यांना' शोधलं तर निम्मे सापडायचेच नाहीत. असंच 'ॲ'चं. ते अक्षर युनिकोडमध्ये आलंच २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. तोवर 'ॲडव्होकेट' लिहायला लोक हिंदीतला ऍ वापरायचे, नाहीतर अ वर चंद्र ठेवून पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ बघत बसायचे.

अर्जांमध्ये 'शेतकऱ्यांना', 'वाऱ्यामुळे', 'दुसऱ्या' या शब्दांचा सुकाळ. प्रत्येक ठिकाणी रफार चढलेला. मी पायथनमध्ये पन्नासेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. आधी पुढच्या वेलांट्या अक्षरामागे नेल्या, रफार अक्षरापुढे आणले, आणि मग पापणीच्या चिन्हाला नवा नियम दिला. वाटलं झालं. तर 'कार्यालय'चं 'काऱ्यालय' झालं! मी घाईत सगळ्याच 'र्य'चं 'ऱ्य' करून टाकलं होतं. शेवटी मूळ फाइलमधल्या चिन्हावरूनच निर्णय घ्यायला लावला, कारण टाइप करताना अण्णांनी दोन्ही चिन्हं वेगवेगळी आणि बिनचूक वापरली होती. सोळा वर्षांपूर्वीच्या त्यांच्या बोटांना जे ठाऊक होतं ते माझ्या पहिल्या प्रोग्रामला नव्हतं.

भाऊबीजेच्या रात्री साडेअकराला ४१२ फाइल पार पडल्या. सहा उघडल्याच नाहीत, त्या मुळातच खराब होत्या. नंतर पुण्याच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं की अण्णांच्या खिशातल्या फोनमध्येही लिनक्सचंच कर्नल आहे, आणि २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून त्यात मराठीही आहे. फोनवर ते बोलून टाइप करतात, कुणाला काही विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. अण्णांनी अर्ज छापला, आधी 'मु. पो. साखरा' बघितलं, मग बोट ठेवून तिसरी ओळ वाचली. कागद काकांच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "ते काळ्या खिडकीतलं कसं करायचं ते वहीत लिहून ठेव. तू काय रोज यायलास?"

वहीत दीड पान भरलं.