हसविणारा वायु आणि इंजिनाचा श्वास

मोटारीचें इंजिन पेट्रोलवर चालतें, असें सर्वत्र म्हटलें जातें. परंतु तें जितकें पेट्रोल पितें, त्याच्या वजनाच्या सुमारें पंधरापट हवा त्यास लागते. पेट्रोल अधिक सोडणें सोपें. हवा अधिक कोंडणें कठीण. इंजिनाच्या शक्तीची खरी मर्यादा त्याच्या श्वासांत आहे. ही मर्यादा कांहीं काळ ओलांडून देणाऱ्या एका वायूची कीर्ति मात्र प्रथम निराळ्याच क्षेत्रांत झाली.

जोसेफ प्रीस्टले यानें १७७२ मध्यें नायट्रस ऑक्साइड तयार केला. हंफ्री डेव्ही यानें ब्रिस्टल येथें तो स्वतः हुंगला आणि १८०० मध्यें त्यावर ग्रंथ लिहिला. हुंगणाऱ्यास हसूं आवरेना, म्हणून तो 'हसविणारा वायु' ठरला. १८४४ मध्यें अमेरिकन दंतवैद्य होरेस वेल्स यानें त्याच्या गुंगींत स्वतःची दाढ काढवून घेतली.

पुढें दुसऱ्या महायुद्धांत हा वायु विमानांत आला. साडेपांच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. सुपरचार्जर हवा दाबून ही उणीव भरून काढी; परंतु त्याच्या सामर्थ्यासहि सीमा होती. तिच्यावर गेलेल्या विमानास धाप लागे, आणि शत्रु सरस ठरल्यास तें वैमानिकाच्या प्राणांवर बेते. म्हणून जर्मनांनीं मेसरश्मिट १०९ व युंकर्स ८८ यांच्या कांहीं प्रकारांत 'जी. एम. १' ही योजना बसविली. ब्रिटिशांनींहि १९४४ मध्यें रात्रीं लढणाऱ्या कांहीं मॉस्किटो विमानांत हीच युक्ति योजिली.

तिचें मर्म असें. हवेंत वजनानें प्राणवायु शेंकडा २३ असतो. नायट्रस ऑक्साइडमध्यें ३६. सिलिंडरच्या उष्णतेंत त्याचे रेणु फुटून हा प्राणवायु मोकळा होतो. शिवाय द्रवरूप नायट्रस ऑक्साइड उणे ८८ अंश सेंटिग्रेडलाच उकळतो. त्याची वाफ होतांना आंत येणारी हवा थंड व दाट होते. तो स्वतः इंधन नव्हे. ज्वलनास केवळ साहाय्य करतो. म्हणून त्याच्याबरोबर पेट्रोलहि वाढवावें लागतें. तें कमी पडल्यास उष्णता बेसुमार वाढून दट्ट्याच वितळूं शकतो.

युद्धानंतर शर्यतीच्या मोटारींनीं हीच विद्या उचलली. तिची किंमतहि तीच राहिली. विमानास भरलेल्या टांकीचें ओझें साऱ्या वाटेवर वाहावें लागे, आणि उपयोग कांहीं मिनिटांचा. मोटारींतील बाटलीहि लवकरच रिती होते. मग इंजिनास पुन्हां आपल्याच श्वासावर धांवावें लागतें.