हत्यार आणि जागा

कोणते हत्यार श्रेष्ठ, या वादाचे उत्तर पात्यात सापडत नाही. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते. मनगट जखडलेले, म्हणून वार खांद्यातून फिरवावा लागतो. वेढ्यात सापडलेल्याला त्यासारखा सोबती नाही, पण भोवती मोकळे रिंगण हवे. धोप लांब आणि सरळ. तिची पोच मोठी. वाकडी तलवार धावत्या घोड्यावरून ओढता वार करते. अंगाला अंग भिडले की मात्र कट्यारीचे राज्य.

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाचे लखुजी जाधवराव हे निजामशाहीचे मातबर सरदार. १६२९ साली त्यांचा घात झाला तो रणात नव्हे, देवगिरीच्या दरबारात. पुत्रही त्यांच्यासमवेत पडले. हाताखालचे स्वार तेथे कोणत्या कामाचे?

जिजाबाई या लखुजींच्या कन्या. पुढे ३० वर्षांनी, १६५९ साली, त्यांचे पुत्र शिवाजीराजे प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीस गेले. सभासद बखरीप्रमाणे अंगात चिलखत, हाताशी बिचवा आणि वाघनखे. शामियान्यातल्या मिठीत लांब पाते कुचकामी ठरले असते. आजोबांचा घात राजांच्या मनात होता की नाही, हे कागद सांगत नाहीत. पण भेटीची जागा ओळखून हत्यार निवडले गेले, एवढे दिसते.