युद्धाचा जाब : वऱ्हाडच्या इतिहासातील एक प्रकरण

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात अडगाव व सिरसोली या दोन गावांच्या दरम्यान काळ्या मातीचे जे मैदान पसरले आहे, त्यात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, दिवस कलता असता, कंपनी सरकारचे सैन्य आणि नागपूरकर भोसल्यांचे सैन्य यांची गाठ पडली. भोसल्यांच्या बाजूचे आधिपत्य सेनासाहेबसुभा दुसरे रघूजी यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांजकडे होते. कंपनीच्या बाजूस जनरल आर्थर वेलस्ली होता. पहिल्या तोफांच्या माऱ्यासरशी कंपनीच्या काही पलटणी पाठ फिरवून पळाल्या. त्यांस आवरून सेनापतीने पुन्हा रांगेत उभे केले, आणि नंतर जे झाले ते चांदण्यात पाठलाग चालू राहीपर्यंत झाले. मराठ्यांच्या ३८ तोफा गेल्या. कंपनीची साडेतीनशेच्या सुमारास माणसे मेली अगर जखमी झाली. इकडील माणसे किती गेली याचा बिनचूक हिशेब कोणी ठेविला नाही. सोळा दिवसांनी, १५ डिसेंबर रोजी, अमरावती जिल्ह्यातील गाविलगड पडला व किल्लेदार बेनीसिंग आपल्या शिबंदीसह तेथे कामास आला. १७ डिसेंबर रोजी देवगाव येथे भोसल्यांचा, आणि ३० डिसेंबर रोजी सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांचा तह झाला. म्हणजे एका मराठी साम्राज्याच्या भाग्याचा निकाल वऱ्हाडच्या भूमीवर सुमारे एका महिन्यात लागला.

या लढायांची वर्णने आमच्या वाचकांनी शाळेत वाचलेली आहेत. कोणाची फळी कोठे मोडली, कोणाची घोडदळाची चाल चुकली, हे प्रश्न युद्धशास्त्राचे होत आणि ते आम्ही त्या शास्त्राच्या जाणत्यांवर सोपवितो. आमचा प्रश्न निराळा आहे. हे युद्ध पुकारले कोणी? कोणत्या अधिकाराने पुकारले? आणि पुकारणाऱ्यास त्याबद्दल कोणा न्यायासनापुढे कधी उभे राहावे लागले काय? हा प्रश्न आजच्या काळातील कल्पना मागील काळावर लादणारा आहे, असे कोणी म्हणेल. पण तसे नाही. १८०३ साली या प्रश्नाचे उत्तर देणारा कायदा छापील स्वरूपात विद्यमान होता.

इंग्लंडच्या पार्लमेंटने १७८४ साली, पिट हा मुख्य प्रधान असता, हिंदुस्थानच्या कारभारासंबंधी एक कायदा केला. हिंदुस्थानात मुलूख जिंकण्याचे व राज्य वाढविण्याचे बेत करणे ही गोष्ट इंग्रज राष्ट्राच्या इच्छेस, अब्रूस व धोरणास सोडून आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. एवढ्यावरच न थांबता, डायरेक्टरांच्या अथवा त्यांच्या गुप्त समितीच्या उघड आज्ञेवाचून गव्हर्नर जनरलने येथील कोणत्याही संस्थानिकाशी युद्ध पुकारू नये, युद्धासाठी तह करू नये, अथवा कोणाच्या मुलखाच्या रक्षणाची हमी घेऊ नये, असा निर्बंध त्यात घातला होता. १७९३ च्या सनदेत तो पुन्हा घातला गेला. अपवाद एवढाच की, शत्रूने कंपनीवर अगर तिच्या आश्रितांवर प्रत्यक्ष युद्ध सुरू केले असेल, किंवा त्याची तयारी प्रत्यक्ष चालविली असेल, तर आज्ञेची वाट पाहण्याचे कारण नाही.

कायदा चांगला होता. पण अपवादाचे दार इतके रुंद होते की त्यातून सबंध फौज तोफांसुद्धा निघून जावी. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांचा व शिंद्यांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पळून वसईस गेले आणि ३१ डिसेंबर रोजी त्यांनी इंग्रजांशी तह करून त्यांची फौज पदरी घेतली. आपल्या धन्याने आपणांस न विचारता परक्याचे जोखड मानेवर घेतले, हे शिंदे व भोसले यांस मानवेना. त्यांची सैन्ये निजामाच्या सरहद्दीजवळ येऊन राहिली. निजाम कंपनीचा आश्रित. तेव्हा सैन्य सरहद्दीवर राहिले हीच युद्धाची तयारी, असा अर्थ गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याने केला. २६ जून १८०३ रोजी त्याने युद्ध व तह करण्याचे सर्व अधिकार दक्षिणेतील सेनापतीस दिले. हा सेनापती गव्हर्नर जनरलचाच धाकटा भाऊ होता. कंपनीचा वकील कॉलिन्स ३ ऑगस्ट रोजी शिंद्यांची छावणी सोडून गेला आणि त्याच आठवड्यात युद्ध सुरू झाले. लंडनची आज्ञा मागवावी, तर पत्र जाऊन उत्तर येण्यास वर्षाच्या आसपास काळ लागावयाचा. तेव्हा ज्या कायद्याने विचारल्यावाचून लढू नये असे सांगितले, त्याच कायद्याचा अर्थ लढणाऱ्यानेच ठरविला. फिर्यादी, साक्षीदार व न्यायाधीश ही तिन्ही माणसे एकाच घरची झाली.

येथे न्यायबुद्धीने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रघूजी भोसल्यांनी तरी आपल्या रयतेस कोठे विचारले होते? वसईच्या तहाने दुखावलेला मान खरा होता. पण त्या मानासाठी ज्यांची शेते तुडविली जावयाची होती, त्या पूर्णेच्या काठच्या कुणब्यांचे मत घेण्याची रीत आमच्या राज्यपद्धतीत नव्हती. आमच्याकडे न्यायाची परंपरा नव्हती, असे मात्र नव्हे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांस तोंडावर दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्ताशिवाय गती नाही असे सांगितले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. एका पुतण्याच्या खुनाचा जाब पेशवेपदावर बसलेल्या माणसास विचारणारा शास्त्री आमच्यात निघाला. पण त्याच रघुनाथरावांनी १७७५ साली सुरतेस इंग्रजांशी तह करून जे युद्ध महाराष्ट्रावर आणले व ज्यात हजारो माणसे मेली, त्याचा जाब विचारण्यास शास्त्र कोठे होते? एका हत्येस प्रायश्चित्त होते. सहस्र हत्यांस फक्त तह होता. हा दोष आमचाच एकट्यांचा नव्हता. त्या काळी तो सर्व जगाचा होता.

आता लंडनमध्ये काय झाले ते पाहू. तेथे जाब विचारण्याचे यंत्र मोडके असले तरी होते. वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ पासून १७९५ पर्यंत खटला चालला व तो निर्दोष सुटला. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद गोष्ट अशी की, १७७४ साली त्याने रोहिल्यांवर केलेल्या युद्धाचा जो आरोप बर्कने आणला होता, तो १७८६ सालीच कॉमन्स सभेने फेटाळला आणि तो खटल्यापर्यंत पोहोचलाच नाही. वेलस्लीच्या बाबतीत याहूनही थोडके झाले. १८०४ साली होळकरांपुढून मॉन्सनची फौज मागे पळाली, १८०५ च्या आरंभी भरतपूरच्या तटावर कंपनीचे हल्ले फसले आणि कर्ज वाढले, तेव्हा डायरेक्टरांस कायद्याची आठवण झाली. वेलस्लीच्या जागी वृद्ध कॉर्नवॉलिस यास पाठविण्यात आले. जेम्स पॉल नावाच्या सभासदाने पार्लमेंटात वेलस्लीवर आरोप मांडले. त्यांत मुख्य आरोप अयोध्येच्या नबाबाशी केलेल्या वर्तनाचा होता. १८०८ साली सभेने ते आरोप नापसंत करून उलट वेलस्लीच्या वर्तनास मान्यता दिली. पुढे १८३७ साली, ज्या डायरेक्टरांनी त्याचा राग केला होता, त्यांच्याच मंडळाने त्यास वीस हजार पौंड देण्याचे ठरविले. मिळालेला मुलूख पचनी पडला होता. मग तो कोणत्या कायद्याविरुद्ध मिळाला याची विचारपूस कोण करणार?

वऱ्हाडने मात्र या युद्धाची किंमत पुष्कळ वर्षे दिली. १८०३-०४ साली दख्खनवर दुष्काळाचे संकट आले, त्यातच दोन्ही बाजूंच्या फौजा मुलखातून फिरल्या. देवगावच्या तहाने भोसल्यांस कटक प्रांत कंपनीस द्यावा लागला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाच्या पदरात पडले. नरनाळा व गाविलगड हे दोन किल्ले तेवढे भोसल्यांकडे राहिले. पुढे निजामाच्या कर्जापायी १८५३ साली डलहौसीने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले आणि १९०२ साली कर्झनने वर्षास पंचवीस लाख रुपये ठरवून त्याचा कायमचा पट्टा लिहून घेतला. येथील माणसास धनी बदलल्याचे कळे, ते वसुलीच्या शिपायाचा पोशाख बदलल्यावरून. अमरावती-अकोल्याच्या कोणाही रहिवाशाची त्या कागदांवर सही नव्हती.

याच गोष्टीची दुसरी आवृत्ती ३ सप्टेंबर १९३९ रोजी निघाली. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगो याने हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. मध्यवर्ती कायदेमंडळास विचारले नाही आणि प्रांतांच्या मंत्रिमंडळांसही विचारले नाही. हिटलरशी लढणे योग्य होते की नाही, हा प्रश्न वेगळा. ते योग्य होते असेच आम्ही म्हणू. पण योग्य युद्धातही माणसास न विचारता ढकलणे हा अन्यायच. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळाने इतर काँग्रेस मंत्रिमंडळांबरोबर त्याच साली राजीनामा दिला, आणि पुढच्या वर्षी १७ ऑक्टोबर रोजी वर्धा नदीच्या पलीकडे पवनार येथे विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला. न्यायासन नव्हते म्हणून लोकांनी तुरुंगालाच न्यायासन केले.

त्याच युद्धाच्या अखेरीस जगाने प्रथमच असे ठरविले की, दुसऱ्या राष्ट्रावर आक्रमण करणे हा राष्ट्राचाच नव्हे, तर ते करविणाऱ्या व्यक्तींचाही अपराध आहे. १ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यूरेंबर्गचा निकाल पूर्ण झाला आणि १९४८ साली तोकियोचा लागला. तोकियोस आपल्या देशाचे न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी भिन्न मत दिले. जपानच्या सैन्याने केलेले अत्याचार त्यांनी नाकारले नाहीत. परंतु आक्रमक युद्ध हा व्यक्तीचा गुन्हा ठरविणारा कायदा त्या वेळी अस्तित्वात नव्हता, आणि जेत्याने जिताचा न्याय करणे हा न्याय नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा निर्णय सर्वस्वी मान्य करणे आम्हांस कठीण वाटते, कारण पहिल्या खटल्याच्या आधी पहिला दाखला कोठून आणावा? पण त्यांनी दाखविलेला व्रण खरा होता. वेलस्ली जिंकला म्हणून सुटला. तोजो हरला म्हणून फासावर गेला. हे दोन्ही निकाल एकाच तराजूने तोललेले आहेत असे कोण म्हणेल?

तो व्रण भरून काढण्याचा यत्न पुढे झाला. १९९८ साली रोम येथे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार झाला, २०१० साली कंपाला येथे आक्रमणाच्या गुन्ह्याची व्याख्या ठरली, आणि १७ जुलै २०१८ पासून त्या गुन्ह्यापुरता न्यायालयास अधिकार मिळाला. आरोपी सामान्य शिपाई नव्हे. राष्ट्राची राजकीय वा लष्करी सूत्रे ज्याच्या हाती असतील तोच. परंतु अमेरिका, रशिया, चीन व आपला भारत हे त्या करारात नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये युक्रेन व युरोप परिषद यांनी आक्रमणाच्या गुन्ह्यासाठी निराळे न्यायाधिकरण स्थापण्याचा करार केला, तोही याच उणिवेमुळे. १७८४ च्या कायद्याप्रमाणेच येथेही दार आहे, दाराला कडी आहे. फक्त कडी ज्यांच्या घरची, त्यांच्याच हाती ती आहे.

तर मग असा कायदा व्यर्थ आहे काय? आमचे मत तसे नाही. वेलस्लीस शिक्षा झाली नाही, पण आपले युद्ध बचावाचे आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यास व त्याच्या भावास मोठाले कागद लिहावे लागले. निदान लाज बाळगावी लागली, आणि त्या कागदांवरूनच आज आपण त्यांचा हिशेब मांडू शकतो. परंतु लाज हा न्यायाचा आरंभ होय, शेवट नव्हे. आपल्या राज्यघटनेने एक्कावन्नाव्या कलमात आंतरराष्ट्रीय शांततेच्या संवर्धनाचे कर्तव्य राज्यास सांगितले आहे. पण युद्ध पुकारण्यापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असे कलम तीत नाही. आम्हांस वाटते की, सुशिक्षित कुटुंबांत ज्या गोष्टींची चर्चा व्हावी, त्यांत ही एक आहे, आणि ती शांततेच्या काळातच व्हावी. कारण तोफ सुटल्यावर असा प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरतो.

चिखलदऱ्यास हवा पालटण्यास जाणारी मंडळी गाविलगडाच्या पडक्या तटावर उभी राहून खालचा प्रदेश पाहतात. स्टीव्हन्सनच्या सैन्याने डोंगरातून तोफा ओढीत नेऊन त्या गडास खिंडार पाडले, हे त्यांस माहीत असते. तेथे उभे असता त्यांनी आणखी एक प्रश्न मनाशी करावा एवढीच आमची विनंती : येथे जे मेले, त्यांच्या मरणाबद्दल कोणावर फिर्याद झाली? ती झाली नाही, हे उत्तर आपणांस माहीत आहे. पुढच्या वेळी ती कोणापुढे करावयाची, हे ठरविणे अजून आपल्या हाती आहे.