मऊ वाळूत गाडी का रुतते? बीचवर गाडी नेण्याआधी एवढं समजून घ्या

आमच्या सावेडीहून कोकणचा किनारा निदान पाच तासांवर. त्यामुळे लाँग वीकेंडला दापोली-मुरुडला पोहोचलं की आम्हा नगरकरांना गाडी थेट लाटांपर्यंत न्यायची घाई होते. रील चांगलं येतं ना! दोन वर्षांपूर्वी मीही हेच केलं. साधी हॅचबॅक, आत पाच जण, टायरमध्ये रस्त्यासाठीची फुल हवा. पन्नास-साठ फुटांत पुढची चाकं रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो आणि गाडी पोटावर बसली. समोरून भरती चढत होती. शेवटी गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्या काकांनी ओढून काढलं, तेव्हा पाणी मागच्या चाकापासून दहा पावलांवर होतं. घरी आल्यावर इंजिनिअरिंगची डिग्री आठवली आणि नेमकं काय चुकलं ते शोधायला बसलो.

खेळ सगळा प्रेशरचा

नगरच्या रणगाडा संग्रहालयात बरेच जण गेले असतील. तिथले रणगाडे चाळीस-चाळीस टनांचे. तरी असा रणगाडा वाळवंटात पळतो आणि आपली सव्वा टनाची गाडी पुळणीत बसते. कारण वजन नाही, तर ते किती जागेवर पसरलंय हे महत्त्वाचं. रणगाड्याचा पट्टा लांबरुंद असतो, म्हणून जमिनीवरचा दाब साधारण १२-१३ पीएसआयच येतो. कारच्या टायरचा जमिनीवरचा दाब मात्र ढोबळमानाने आतल्या हवेइतकाच, म्हणजे ३२ पीएसआयच्या आसपास. माणसं भरलेल्या गाडीच्या एका चाकावर अंदाजे ३५० किलो वजन येतं आणि ते टेकतं फक्त आपल्या तळहाताएवढ्या जागेवर. कोरडी वाळू हे झेलूच शकत नाही. तिचे कण एकमेकांना धरून नसतात, ते बाजूला सरकतात आणि चाक खाली जातं.

म्हणून पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे हवा कमी करणं. ३२ वरून १८ पीएसआयवर आलात की टायर पसरतो आणि टेकणारी जागा जवळपास पावणेदोनपट होते. फोर बाय फोर नसली तरी चालेल, पण फुल हवेची फोर बाय फोरसुद्धा रुततेच. व्हॉल्व्हची मधली पिन किल्लीच्या टोकाने दाबून हवा सोडता येते. पण अंदाजपंचे नको, प्रेशर गेज हवाच. १५ च्या खाली सहसा जाऊ नका, कारण जोरात वळलात तर टायर रिममधून निसटू शकतो. डॅशबोर्डवर टायर प्रेशरचा दिवा लागेल, तो लागणारच. आणि परत भरायला १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा पोर्टेबल पंप सोबत ठेवा. तो नसेल तर हवा सोडू नका आणि गाडी वाळूत नेऊही नका.

वाळूत चालवताना

ओलसर, गडद रंगाचा पट्टा निवडा. कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना चिकटवून धरतं, म्हणून वाळूचा किल्ला ओल्या वाळूचाच होतो. पण पाण्याने तुडुंब भरलेली, पाय ठेवला की थुलथुलणारी वाळू कोरडीपेक्षा वाईट. खाडीच्या मुखाजवळ तर जाऊच नका. आधी उतरून चालून बघा. टाच खोल गेली तर चाकही जाणार.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगात ठेवा. वळण मोठं घ्या, मध्येच थांबू नका. थांबायचंच तर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडा आणि उताराकडे तोंड करून थांबा. करकचून ब्रेक मारला की चाकासमोर वाळूचा ढीग होतो, निघताना तोच आडवा येतो. लाटा पोहोचतात तिथे गाडी उभी करू नका, पाणी परतताना चाकाखालची वाळू घेऊन जातं.

ट्रॅक्शन कंट्रोलचं काय? चाक घसरलं की पॉवर कमी करायची, असा त्याचा साधा इफ-एल्स असतो. पावसातल्या रस्त्यावर मस्त चालतो. वाळूत चाक थोडं घसरणारच, मग सिस्टीम ऐन गरजेच्या वेळी इंजिनचा दम काढते. बटण असेल तर वाळूपुरतं बंद करा, डांबरी रस्त्यावर आलात की पुन्हा चालू.

भरती कधी?

मॅप्सला वाळू कळत नाही आणि भरतीही कळत नाही. त्यासाठी टाइड दाखवणारं ॲप घ्या, त्यात जवळचं बंदर निवडा आणि तक्त्याचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, किनाऱ्यावर रेंजचा भरवसा नसतो. आपल्याकडे भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो.

ॲप नसेल तर कॅलेंडर आहे! कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. षष्ठी असेल तर ६ ची पाऊणपट साडेचार. पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास भरती, सकाळी साडेदहाच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. वेळ थोडी पुढेमागे होते, पण अंदाजाला पुरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर येतं. गाडी वाळूत न्यायचीच तर पाणी उतरत असताना न्या, चढत असताना नाही.

रुतलीच तर

ॲक्सिलरेटर लगेच सोडा. माझी चूक नेमकी हीच होती. चाक फिरलं की ते खड्डा खणतं, बाकी काही नाही. सगळ्यांना उतरवा, हवा १५-१६ वर आणा, चाकांसमोरची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू हाताने काढा. मग सरळ स्टिअरिंगने, आपल्याच चाकोरीतून रिव्हर्स. चाकाखाली नारळाच्या झावळ्या, फळी किंवा भिजवलेलं गोणपाट घाला. रबरी मॅट घातली तर चाकामागे कोणी उभं राहू नये, ती भिरकावली जाते. जॅक लावायचा तर खाली फळी हवी, नाहीतर जॅकच आत जातो. ओढायची वेळ आली तर दोर टो हुकलाच बांधा, बंपरला नाही. दोर ताणला की सगळे लांब.

दोन प्रयत्नांत निघाली नाही आणि पाणी चढतंय, तर ट्रॅक्टर बोलवायला लाजू नका. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

आणि हो, सगळीकडे गाडी न्यायला परवानगी नसते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेली तर पोलीस कारवाई होते, आपल्याकडेही अनेक किनाऱ्यांवर मनाई आहे. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटं वरून दिसत नाही, चाकाखाली मात्र चिरडतं. बिनधास्त बीच ड्राइव्ह करायचीच असेल तर केरळात कन्नूरजवळ मुळप्पिलंगाड आहे. तिथली वाळू टणक आहे आणि सुमारे ४ किलोमीटरपर्यंत गाडी चालवता येते.

बाहेर आल्यावर टायर आधी भरा. १८ पीएसआयवर घाटात वेगाने गेलात तर टायर तापून फुटू शकतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने गाडी खालून धुवून घ्या. मी आठ दिवस आळस केला, आणि ब्रेक डिस्कच्या कडेवर अजून तो तांबूस गंज दिसतो.