परगांवचा माणूस आणि घरचें अन्न

मोठ्या शहरांत बिऱ्हाड करून राहणाऱ्या गृहस्थाकडे पाहुणे आले म्हणजे दोन-चार दिवसांनीं एक प्रश्न हटकून निघतो: येथें अमक्या प्रांताचें जेवण चांगलें कोठें मिळतें? आमचें बिऱ्हाड नव्या मुंबईंतील कोपरखैरणे येथें आहे. ठाण्याच्या खाडीच्या पूर्व कांठावरील ह्या वसाहतींत हिंदुस्थानच्या बहुतेक सर्व प्रांतांचीं माणसें राहतात. त्यामुळें हा प्रश्न आम्हांस वारंवार पुसण्यांत येतो, आणि त्याचें उत्तर देतांना आमची पुष्कळ वेळां फजितीही झालेली आहे.

सामान्यतः लोक पाटी, दिवे, बसण्याची सोय व दर पाहून उपाहारगृहाची पारख करतात. आमच्या मतें ह्या बाबतींत खरा वाटाड्या इतिहास होय. शहरांत एखाद्या प्रांताचें उपाहारगृह निघतें, तें प्रथमतः शहरवासीयांच्या जिभेचे चोचले पुरविण्यासाठीं नव्हे. त्या प्रांतांतून पोटासाठीं आलेल्या आणि घरच्या चुलीला पारख्या झालेल्या माणसांसाठीं तें निघतें. तेव्हां जेवण कसें आहे हें विचारण्यापूर्वीं तें कोणासाठीं शिजतें हें विचारावें. हा नियम मुंबईच्या इतिहासावर घासून पाहावा व शेवटीं आमच्या गांवास लावून पाहावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आपल्याकडे बाहेरचें खाणें ही चैन होण्यापूर्वीं तो एक दोष होता. प्रवासास निघालेला गृहस्थ शिदोरी बांधून घेई, क्षेत्राच्या ठिकाणीं उपाध्यायाच्या घरीं किंवा अन्नछत्रांत जेवी, आणि अनोळखी हातचें पाणीही विचार करून पिई. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींस चहा-बिस्किटें देण्यांत आलीं. त्या मंडळींत रानडे होते, टिळकही होते. एवढ्याशा गोष्टीवरून जो गदारोळ झाला तो थेट शंकराचार्यांपर्यंत पोंचला, आणि प्रायश्चित्त घ्यावें कीं न घ्यावें हा वाद कित्येक महिने चालला. ज्या समाजांत पेलाभर चहानें एवढें वादळ उठलें, त्याच समाजाचीं नातवंडें-पणतवंडें आज रविवारच्या संध्याकाळीं कोणाच्या हातचें आहे हें न विचारतां डोसा, नान व नूडल्स एकाच मेजावर मागवितात. हा पालट उपदेशानें थोडा झाला. पोटानें फार केला.

त्याचा आरंभ गिरण्यांपासून धरावा लागेल. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडगिरणीची स्थापना केली, आणि पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा ह्या भागांत गिरणगांव उभें राहिलें. कोकणांतून व घाटावरून हजारों पुरुष आले. बायकामुलें बहुतेक गांवींच राहिलीं. एकेका खोलींत अनेक गडी पाळीपाळीनें निजत. त्यांस दोन्ही वेळां जेवूं घालण्याचें काम चाळींतील बायांनीं पत्करलें. हीच मुंबईची खरी खाणावळ. तिला पाटी नसे. रत्नागिरीकडचा गडी रत्नागिरीकडच्या बाईच्या पंगतीस बसे आणि साताऱ्याकडचा गडी साताऱ्याकडच्या बाईच्या. एकाला भात-आमटी लागे, दुसऱ्याला भाकरी-कोरड्यास. हिशेब महिन्याचा, पगार झाल्यावर द्यावयाचा. संप झाला म्हणजे उधारी वाढे आणि बाईला आपलें किडूकमिडूक सावकाराकडे ठेवावें लागे. ह्या अन्नदात्रींची दाद लागावयास १९७५ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं प्रेमाताई पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें आणि खाणावळवाल्या बायांना बँकेच्या कर्जाचा रस्ता दाखविला. मुंबईच्या वैभवाचीं वर्णनें करणाऱ्यांनीं गिरणीच्या चिमण्या पाहिल्या. त्या चिमण्यांखालीं राबणारा हात कोणाच्या चुलीवर पोसला गेला हें फार थोड्यांनीं पाहिलें.

पांढरपेशा वर्गाची कथा निराळी नाहीं. कचेरींत जाणाऱ्यास घरचेंच अन्न हवें म्हणून १८९० च्या सुमारास डबेवाल्यांचा धंदा उभा राहिला. ज्याला घरच नव्हतें त्याच्यासाठीं गिरगांवांत व दादरास खाणावळी व उपाहारगृहें निघालीं. दादरच्या मामा काणे यांच्या १९१० सालच्या दुकानाच्या नांवांतच ‘स्वच्छ उपहारगृह’ हे शब्द आहेत. ‘स्वच्छ’ ह्या एका विशेषणांत त्या काळच्या गृहस्थाची सारी धास्ती सांठविलेली आहे. त्याला बाहेर खावयाचें होतें, पण आपण घराबाहेर पडलों असें वाटूं द्यावयाचें नव्हतें.

ह्या नियमाला इराण्याचें दुकान हा एक अपवाद म्हणतां येईल. यज्द व कर्मान ह्या मुलखांतून आलेल्या इराण्यांनीं मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर दुकानें घातलीं. धोबीतलावाजवळचें कयानी १९०४ चें, बॅलार्ड इस्टेटींतील ब्रिटानिया १९२३ चें. कोपऱ्यावरची जागा हिंदु दुकानदारांना अशुभ वाटे, म्हणून ती इराण्याच्या वांट्यास आली, असें सांगतात. हीं दुकानें इराण्यांपुरतीं नव्हतीं. घोटभर चहा, मस्का लावलेला ब्रून पाव आणि संगमरवरी मेजाशीं घटकाभर बसणें, एवढेंच तेथें मिळे. पण मुंबईंत ज्याला बसावयास स्वतःची म्हणून जागा नव्हती अशा सर्वांना तें मिळे. म्हणजे इराण्यानें नियम मोडला नाहीं, तो रुंद केला. एका प्रांताच्या परगांवकऱ्यांऐवजीं त्यानें साऱ्या परगांवकऱ्यांस जागा दिली.

पुढें माटुंग्यास दक्षिणेकडील कारकून, टंकलेखक व विद्यार्थी यांची वस्ती वाढली, आणि त्यांच्या पाठोपाठ उडुपीकडचे आचारी आले. कॅफे मद्रास १९४० चें व रामा नायक यांचें उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चें. केळीच्या पानावर वाढलेलें सारं-भात जेवणारा तरुण नवलाई म्हणून तें जेवत नव्हता, त्याला घरची आठवण येत होती म्हणून जेवत होता. मराठी कुटुंबांनीं इडली-डोसा आपलासा केला तो मागाहून. १९४७ च्या फाळणीनें सिंधी व पंजाबी निर्वासितांचे लोंढे आले; शींव-कोळीवाड्याच्या छावणींत त्यांनीं चुली मांडल्या. मसाला लावून तळलेल्या कोळंबीचा जो प्रकार पुढें ‘कोळीवाडा’ ह्या नांवानें देशभर पसरला, तो त्या पंजाबी हातांचा, असें मानतात. नांव कोळ्यांच्या वस्तीचें आणि हात पंजाबचा! वाचकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे. १९७५ सालीं नेल्सन वाँग ह्या कलकत्त्यास जन्मलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्यानें मुंबईंत ‘चिकन मंचूरियन’ सिद्ध केलें. चीन देशांत तें शोधूं जाणें व्यर्थ आहे. तें मुंबईचें आहे, आणि मुंबईचें म्हणून खाल्लें तर त्यांत कसलीही फसवणूक नाहीं.

परंतु जेवण कोणासाठीं शिजतें ह्या प्रश्नाला एक कडू बाजूही आहे, ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. कित्येक पंगतींचीं दारें कित्येकांना बंद होतीं. कोल्हापुरांत गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य गणलेल्या गृहस्थानें चहाचें दुकान घातलें, तेव्हां राजर्षि शाहू महाराज स्वतः तेथें थांबून चहा घेत व बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावीत. राजानें उघड्या रस्त्यावर प्यालेला तो चहा कोणत्याही जाहीरनाम्याहून बोलका होता. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचा नांव घेऊन उल्लेख आहे. जातीच्या वा धर्माच्या कारणानें तेथें कोणासही मज्जाव करतां येत नाहीं. देशाच्या मूळ कायद्यांत हॉटेलाचें नांव यावें, यावरूनच बाकावरची जागा मिळणें किती अवघड होतें याची कल्पना येईल. चांगल्या उपाहारगृहाच्या लक्षणांत आम्ही हें पहिलें लक्षण मानतों, चव त्यानंतरची.

आतां आमच्या गांवाकडे येऊं. कोपरखैरणे, बोनकोडे, खैरणे हीं आगरी-कोळी लोकांचीं जुनीं गांवें. भाताचीं खाचरें, मिठागरें आणि खाडींतील मासळी यांवर त्यांचा निर्वाह होता. मार्च १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली, नव्या शहरासाठीं पंचाण्णव गांवांच्या जमिनी ठरल्या, आणि खाचरांवर विभागांचे आंकडे पडले. जमिनीच्या मोबदल्यावरून जानेवारी १९८४ मध्यें जासई-उरणच्या बाजूस जो लढा झाला त्यांत पांच जणांनीं प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना ही त्या लढ्याची कमाई होय.

मुंबईचे घाऊक बाजार १९८० नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत एकामागून एक वाशी-तुर्भ्यास आले. त्यांच्यामागून माथाडी कामगार आले, सातारा-सांगलीकडचे. त्यांच्यासाठीं कोपरखैरण्यांत घरें झालीं. मग मटण-भाकरीच्या खाणावळी निघाल्या. १९९२ सालीं खाडीवरून वाशीपर्यंत लोकल गाडी आली, २००४ सालीं ठाण्याहून येणारी गाडी कोपरखैरण्यास थांबूं लागली. कारखान्यांच्या जोडीला कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि दक्षिणेकडील व उत्तरेकडील तरुण मंडळींबरोबर त्यांच्या त्यांच्या चुलीही आल्या. तीन टाक्यांपासून स्थानकापर्यंत कोणी पायीं चालत गेला आणि पाट्या वाचीत गेला, तर ह्या वसाहतींत कोण कोण व कां आलें याची बखर त्याला फुकट वाचावयास मिळेल.

आमची फजिती झाली ती येथेंच. विदर्भाकडील आमचे एक वृद्ध आप्त आमच्याकडे आले होते. चार दिवस चार प्रांतांचें जेवून झाल्यावर त्यांनीं सहज विचारलें, “हें सगळें ठीक, पण ह्या गांवच्या मूळ लोकांचें जेवण कोठें मिळतें?” आम्ही पुष्कळ आठवून पाहिलें. कोल्हापूरची पाटी आठवली, मालवणची आठवली, मंगळूरची आठवली; आगऱ्यांची आठवेना. शेवटीं जुन्या गांवठाणांतील ओळखीच्या एका आजींना विचारावयास गेलों. त्या हंसल्या आणि म्हणाल्या, “हाटेलान कशाला? आमचे घरान या जेवाला.” दुसऱ्या दिवशीं त्यांच्या ओटीवर बसून आम्ही तांदळाची ऊन ऊन भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी व आगरी मसाल्याचें बोंबलाचें कालवण जेवलों. आमच्या आप्तांनीं दुसऱ्यांदा भाकरी मागितली, तेव्हां आजींच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसलें तें कोणत्याही मालकाच्या गल्ल्यावर आम्हीं पाहिलेलें नाहीं.

घरीं परततांना आमच्या लक्षांत आलें कीं आमचा नियम येथेंही खराच ठरला. पाटी परगांवच्या माणसासाठीं लागते. आगरी माणूस आपल्याच गांवांत होता. त्याची चूल घरांत पेटलेली होती. त्याला खाणावळ कशाला हवी? ज्यांनीं सर्वांना जागा दिली त्यांच्याच जेवणाला पाटी नाहीं, याचें कारण इतकेंच कीं ते यजमान होते.

परंतु अलीकडे ठाणें-रायगडच्या बाजूस आगरी जेवणाच्या पाट्या दिसूं लागल्या आहेत, आगरी-कोळी महोत्सव भरतात, तेथें भाकऱ्या थापणाऱ्या बायांपुढें रांगा लागतात. ह्याचा आम्हांस आनंद होतो. ज्या हातांचें कसब घराबाहेर कोणी जाणीत नव्हतें त्यांस आतां मोल व मान मिळत आहे, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही त्या आनंदांत एक हुरहुर मिसळते. खाचरें गेलीं, मिठागरें गेलीं, मुलेंमुली सकाळच्या गाडीनें कचेरीस जाऊं लागलीं. पाटी जर परगांवच्या माणसासाठीं लागत असेल, तर ही नवी पाटी काय सांगते? आपल्या गांवांतून एक पाऊलही न हलतां माणूस परगांवचा होऊं शकतो, हेंच ती सांगत नाहीं काय?

असो. कोणी चांगलें उपाहारगृह कोठें म्हणून विचारलें तर आमचें उत्तर आतां ठरलेलें आहे. दुपारीं जेवणाच्या वेळीं दारांत उभे राहून आंत कोण जेवत आहे तें पाहावें. ज्या प्रांताची पाटी आहे त्या प्रांताचीं माणसें आपल्या भाषेंत बोलत, घाईघाईनें, नेहमींचें म्हणून जेवत असतील, तर निःशंक आंत जावें. त्यांच्या सणाचें पक्वान्न मागूं नये, रोजचें जेवण मागावें. आमटी, भात, भाकरी ह्यांतच आचाऱ्याचा हात कळतो. शेजारीं कोणी बसला तर त्याला गांव विचारावें. आणि ज्यांच्या जमिनीवर आपण राहतों त्यांच्या घरचें बोलावणें आलें, तर त्या दिवशीं दुसरीकडे कोठेंही जाऊं नये.